मनुबाईनं पसंत केलेली मोटर

कृष्णाकाठच्या माणसापुढं नुसतं मोटर म्हणा, त्याला गाडी आठवत नाही. मोटर म्हणजे नदीवरची, उसाला पाणी पाजणारी. ती घ्यायची रीतही ठरलेली आहे. शेजाऱ्याची पाचची असली की आपली साडेसातची. त्यानं साडेसातची आणली की आपण दहाची. पोराचा पगार कमी सांगताना इकडं माणूस एक वेळ लाजणार नाही, पण मोटारीची हॉर्सपॉवर कमी सांगताना मान खाली घालतो. तेव्हा लालासाहेबांच्या शिडाच्या होडीला मोटर बसवायची असं ठरल्यावर गावानं काय सल्ला दिला असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

पण आधी होडीचं सांगितलं पाहिजे. लालासाहेब फौजेत इंजिनिअर पलटणीत होते. पूल बांधायचे, होड्या हाकायच्या, असलं काम. शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन उतरले. त्या नोकरीत पुण्याला कुठंतरी ते शिडाची होडी चालवायला शिकले, आणि पेन्शनीबरोबर ते वेडही घेऊन आले. वाळवा तालुक्यात, जिकडं डोळा फिरवाल तिकडं ऊस, तिथं या माणसानं स्वतःच्या हातानं चौदा फुटी होडी बांधली, डोलकाठी उभी केली आणि पांढरं शीड लावलं. घाटावर बसणारी मंडळी विचारायची, "सुभेदार, समुद्र कवा यायचा हाय?" लालासाहेब नुसते हसायचे. गावाच्या खालच्या अंगाला बंधारा आहे, त्यामुळं तिथं नदी तळ्यासारखी पसरून राहते. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की ते शीड उभारून खाली बंधाऱ्यापर्यंत जायचे, आणि सांजेला वारा पडला की वल्ही मारत परत यायचे.

त्यांची बायको मनुबाई त्या होडीत एकदाही बसली नव्हती. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. होडी बांधायच्या आधी आलेल्या मोठ्या पुरात लालासाहेब दिवसभर सरकारी रबरी बोट घेऊन पलीकडच्या वाडीतली माणसं काढत होते. त्यांचं बरोबरच होतं, तिथं पाळण्यातली पोरं होती, म्हातारीकोतारी होती. पण इकडं मनुबाई स्वतःच्या घराच्या गच्चीवर बसून वाट बघत राहिली, आणि शेवटी तिला काढलं ते परक्याच बोटीनं. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता. "गावाला वाचवणारा न्हवरा मिळाला, माझं नशीब थोर," असं ती हसत हसत म्हणायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. नदीच्या काठाला जायची, धुणं धुवायची. पाण्यावर मात्र पाय ठेवायचा नाही.

मग गेल्या दिवाळीला लालासाहेबांना लकव्याचा हलका झटका आला. सांगलीला विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, चालतंबोलतं केलं, पण उजव्या हातातली ताकद गेली ती गेली. डॉक्टर म्हणाले, शिडाची दोरी धरा हवी तर, वल्हं बंद. आणि वल्ह्याशिवाय परत यायचं कसं? होडी घाटावर पालथी पडली. माणूस तसाच सोप्यातल्या खुर्चीत बसून राहिला. जेवला तर जेवला, नाहीतर ताट तसंच. फौजेतला माणूस, सकाळी दाढी केल्याशिवाय चहा न घेणारा, आता दाढीचे खुंट चार-चार दिवस वाढवायला लागला. मनुबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मुलगा जयराज शेती बघायचा. पोरगा वाईट नव्हे, काळजीनं बोलायचा. एक दिवस तो म्हणाला, "आई, वाईचं एक गिऱ्हाईक हाय. धोम धरणावर फिरवायला होडी पायजे त्येला. दिऊन टाकू. नजरेसमोर ऱ्हायली की आबास्नी जास्तच लागतंय."

लालासाहेब सोप्यातनं म्हणाले, "दे."

त्या एका शब्दानं मनुबाई उठून उभी राहिली. इतकी वर्षं ज्या होडीला तिनं सवत म्हणून शिव्या घातल्या, ती विकायची म्हटल्यावर तिचाच जीव कासावीस झाला. ही होडी गेली तर हा माणूस त्या खुर्चीतून परत उठायचा नाही, हे तिला लख्ख दिसलं. ती म्हणाली, "विकायची न्हाई. मोटर बसवायची. आन् मोटर मी पसंत करणार."

जयराजनं डोक्याला हात लावला. पण आईपुढं कुणाचं चालतंय? शेवटी एवढंच ठरलं, की गुढीपाडव्यापर्यंत होडी बंधाऱ्याला जाऊन वल्ह्याशिवाय आपली आपण घाटावर परत आली, तर ठेवायची. नाहीतर वाईला.

आता मनुबाईनं मोटर पसंत करायची म्हणजे काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. नवरा काश्मीर-आसामात असताना नदीवरची मोटर कोण चालवत होतं? लाईट येईल तेव्हा पळत जाऊन बटण दाबायचं, पाण्याची पातळी उतरली की पाईप खाली सारायचा, पूर चढला की मोटर वर ओढायची, सगळं तिनंच केलं. त्याच्याही आधी डिझेल इंजिन होतं, त्याचं हँडल मारून मारून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते. मोटारीत तिला कळतं, असा तिचा समज होता, आणि तो बऱ्यापैकी खराही होता.

माय-लेक कुपवाडला गेले. तिथं शंभूराज म्हणून एकजण पंप दुरुस्त करतो आणि पुराच्या बोटींच्या मोटारीही. बोलण्यात साखर आणि हात कायम काळे. त्यानं दोन-तीन मोटारी दाखवल्या. मनुबाईनं विचारलं, "सगळ्यात ताकदीची कंची?"

"ही, मावशी. पंधराची. पुराच्या बोटीवरनं उतरवल्याली हाय, पर यकदम ठणठणीत. आसला पंखा हाय, बोट पाण्यावर टेकतच न्हाई!"

"हीच द्या," मनुबाई म्हणाली. अडल्या वेळी मोटर कमी पडू नये, बस्स, एवढंच तिच्या डोक्यात. पाच फुटांचा माणूस जरी असला तरी त्याला घोंगडं सात फुटांचंच घ्यावं, असला तिचा हिशोब.

मोटर घरी आली. लालासाहेब खुर्चीतून उठून अंगणात आले. मोटारीभोवती फिरले, पंख्याच्या पात्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. मनुबाई तोंडाकडं बघत होती. "कशी हाय?"

"झ्याक हाय," लालासाहेब म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दाढी केली. मनुबाईला आभाळ ठेंगणं झालं.

चाचणीला बाप-लेक होडीतून निघाले. मनुबाई घाटावर. अख्खं गावही घाटावर. गावाला काय, तमाशाला पैसे पडत नाहीत. वाऱ्यावर होडी खाली गेली छान. पण मागं बसवलेल्या त्या धुडानं तिचं बूड पाण्यात बसलं होतं आणि नाक वर, रुसलेल्या म्हशीसारखं. मग वारा पडला. जयराजनं मोटारीची दोरी ओढली, मोटर गरजली. तेवढ्यात लालासाहेब शीड उतरवायला पुढं सरकले. त्यांचं वजन पुढं गेलं, तशी होडी मागून उचलली, आणि मोटर एकदम किंचाळायला लागली. आवाज गगनात, होडी जागच्या जागी. लालासाहेब मागं आले की होडी हिसका मारून पुढं, पुढं गेले की परत किंकाळी. शेवटी मोटारीला फेस आला, जयराजला त्याहून जास्त. त्यानं मोटर बंद केली आणि वल्ही मारत होडी घाटाला आणली.

घाटावर सल्ल्यांचा पाऊस. "ताकद कमी पडली." "पंचवीसची पायजे हुती." जयराज घाम पुसत म्हणाला, "बघितलंसा? आता वाईला फोन लावतो."

"पाडवा हाय अजून," मनुबाई म्हणाली. पण तिचं लक्ष दुसरीकडंच होतं. तो किंचाळण्याचा आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता. नदी आटली, पाईपाचं तोंड पाण्याच्या वर आलं, की पंप असाच बोंबलतो. फिरतो फुकट आणि पाणी म्हणाल तर थेंब नाही.

घरी आल्यावर तिनं नवऱ्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, "आवं, मोटर हवा धरत हुती न्हवं?"

लालासाहेब बशीत बघत म्हणाले, "व्हय. पाय आखूड हाय तिचा. रबरी बोट बसकी असती, तिला ती चालती. आपल्या होडीची मागची फळी उंच हाय. पंखा वरच ऱ्हातो. जरा होडी हालली की हवा खातो."

मनुबाई थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू शिरत होतं. "म्हंजी तुमास्नी आदीच म्हाईत हुतं?"

लालासाहेबांनी बशीतला चहा फुंकला.

"फौजेत ह्याच मोटारी चालवल्यासा की! अंगणात बघितल्या बघितल्या कळलं असंल!"

"कळलं हुतं."

"मंग त्वांड शिवलं हुतं का कुणी? गावापुढं माझी शोभा झाली! पोरगं वल्ही मारून मेलं!" मनुबाई अशी भडकली की चहाचं भांडं आपटलं. "झ्याक हाय म्हनं! बोलायचं की, मने, तू गाढव हैस!"

लालासाहेबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "होडी बांधली तवापासनं तू तिच्याकडं ढुंकून बघितलं न्हाईस. पैल्यांदाच काहीतरी आणलंस तिच्यासाठी. मला लय बरं वाटलं, बघ. मोटारीचं काय, चुकली तर चुकली. तुझं मन मोडावं वाटलं न्हाई."

मनुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग कुठल्या कुठं गेला आणि त्या रागावर राग आला. पदरानं नाक पुसून ती म्हणाली, "येडी माणसं. सांगा आता नीट, काय पायजे होडीला?"

मग त्या दिवशी सोप्यात बसून लालासाहेब झटक्यानंतर पहिल्यांदा घडाघडा बोलले. चौदा फुटी होडी, पाण्यात बसून चालणारी. तिला पळायचं नसतं, तिचा चालायचा वेग ठरलेला असतो. त्याच्यापुढं कितीही रेटा, नाक वर आणि बूड खाली, दुसरं काही होत नाही. तेव्हा पंधरा नको, तीन-चारची हलकी मोटर भरपूर. पाय मात्र लांब पाहिजे, पंखा होडीच्या बुडाच्याही खाली, गार पाण्यात राहायला हवा. आणि पंखा? पुराच्या बोटीचा पंखा पळायचा असतो, त्याच्या पात्यांना पीळ जास्त. एका फेऱ्यात लांब उडी मारायला बघतो. "आपल्याला पीळ कमी पायजे, आन् पाती रुंद. सावकाश, पर रेटा दील असा."

मनुबाईनं मान डोलावली. "भरल्या उसाच्या ट्रॉलीला पैला गिअर."

"आगदी."

"मंग यवढं सरळ हाय तर गाव काय बोंबलत हुतं?"

"गावानं उसाच्या पलीकडं काय बघितलंय?" असं म्हणून लालासाहेब हसले. खरं हसले.

दुसऱ्या खेपेला तिघंही कुपवाडला गेले. शंभूराजनं आधी खळखळ केली, पण मनुबाईच्या तोंडापुढं कुणाचा टिकाव लागणार? पंधराची परत घेतली, आणि कोपऱ्यातली एक लांब पायाची छोटी मोटर पुसून पुढं आणली. लालासाहेबांनी फळीची उंची दोरीवर मोजून आणली होती, ती मोटारीच्या पायाला लावून बघितली. पंखे तीन काढायला लावले, आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत, लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखे, एक निवडला. पाती रुंद, पीळ थोडा. शंभूराजनं मोटर पाण्याच्या पिंपावर चढवली आणि म्हणाला, "हं, सुभेदार, ओढा दोरी."

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. होडीची लांबी बघितली, फळीची उंची बघितली, पात्याचा पीळ बघितला. मोटर सुरू करायला दोरी ओढावी लागते, आणि ती ओढणारा हात कुठला, हे मात्र तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

लालासाहेबांनी उजव्या हातानं धरली, मुठीतून सुटली. डाव्या हातानं ओढली. मोटर नुसती खाकरली. पाय रोवून परत ओढली, आणि तोल गेला. जयराजनं धरलं नसतं तर पिंपावर आपटले असते. लालासाहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी दोरी जागच्या जागी सोडली, पायजम्याला हात पुसले आणि हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे जयराज. वाईला सांग."

मनुबाईला तो आवाज सहन झाला नाही. तिनं पदर कमरेला खोचला. "व्हा बाजूला," म्हणाली, आणि पिंपावर पाय टेकवून दोरीला असा हिसडा दिला की शंभूराज मागं सरला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा फडफड. तिसऱ्यांदा मोटर लागली, आणि पिंपातलं पाणी खळाळून चौघांच्या अंगावर आलं.

"वा गं मावशी!" शंभूराज ओरडला. "पर नदीत कोण ओढणार?"

"मी!" मनुबाई तोऱ्यात म्हणाली.

म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. नवरा तिच्याकडं बघत होता, मुलगा बघत होता. मोटर बुडबुडत होती. बोललेला शब्द आणि पेरलेलं बी, मागं कसं घ्यायचं?

पाडव्याच्या दुपारी गुढीला हळदकुंकू वाहून ती घाटावर आली. लुगड्यावर पाण्यात तरंगायचं केशरी जाकीट चढवलेलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एरवी तिनं एकेकीचा समाचार घेतला असता, आज तिला कुणी दिसतच नव्हतं. लालासाहेबांनी हात दिला, डावा. तिनं होडीत पाय ठेवला, होडी हलली, आणि ती मटकन खाली बसली ती कड घट्ट धरूनच. "आवं, बुडतीया!"

"न्हाई बुडत."

शीड चढलं. वारा त्यात शिरला आणि होडी निघाली. कसला आवाज नाही, काही नाही. मनुबाईनं एक डोळा उघडला, मग दुसरा. दोन्ही काठांचा ऊस मागं मागं जात होता. तिच्या ओळखीची नदी, पण आतून कधी बघितली नव्हती. पुराच्या दिवशी बघितली, ते बघणं नव्हे. लालासाहेब पुढं दोरी धरून बसले होते, मान वर, वाऱ्याकडं तोंड. फौजेतून पहिल्यांदा रजेवर आला होता तेव्हाचा माणूस तिला आठवला. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण हे चुकवलं. आपल्याच हट्टानं.

बंधारा दिसायला लागला आणि वारा पडला. लालासाहेबांनी शीड उतरवलं. "मने, वड आता."

मनुबाईनं दोरी धरली. दोनदा ओढलं, मोटर गप्प. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. "लागंना वं!"

"तेलाची तोटी उघडलीस का?"

नव्हती उघडली. उघडली, ओढली, आणि मोटर लागली. होडी वळली, पण मनुबाईनं मोटारीचा दांडा डावीकडं लोटला तशी होडी गेली उजवीकडं, थेट काठच्या झुडपात. "उलटं, उलटं!" लालासाहेब म्हणाले, पण जागचे उठले नाहीत. दांड्याला हात लावला नाही. तिनंच दोन शिव्या मोटारीला, एक नवऱ्याला घातली आणि होडी बाहेर काढली. मग मात्र ती सरळ लागली. पंखा खाली खोल पाण्यात होता. किंकाळी नाही, हिसका नाही. ट्रॉली चढाला लागावी तशी सावकाश, पण न थांबता होडी वर निघाली.

थोड्या वेळानं लालासाहेब पाठमोरेच म्हणाले, "त्या पुरात आदी तुझ्याकडं यायला पायजे हुतं मी."

"यायलाच पायजे हुतं," मनुबाई म्हणाली. तिनं शब्द मऊ केला नाही. मग जरा थांबून म्हणाली, "त्या वाडीतली पोरं वाचली, ते बी बरं झालं. पर मी लय भ्याले हुते. तुमास्नी कवा सांगितलं न्हाई."

लालासाहेब वळून तिच्याकडं तोंड करून बसले. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. "आता तुझ्याबिगर मला पाण्यावर येता यायचं न्हाई, मने. एकट्याचं दिस सरलं."

"बरं झालं सरलं," मनुबाई म्हणाली. "तुमी एकट्यानं नोकरी केलीसा, मी एकटीनं शेती केली. कुणी सांगितलं हुतं उरल्यालं बी एकट्यानं करा म्हणून?"

लालासाहेब नुसते तिच्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

घाट आला. गाव उभं होतं, पुढं जयराज. त्यानं होडी येताना बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला, दोन्ही हात वर करून तो ओरडायला लागला, "आली! आई, हिकडं! बंद कर मोटर, हिकडं घे!"

मनुबाईनं त्याला हात केला. पण होडी काही वळवली नाही.

"अगं, घाट मागं चालला," लालासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या," मनुबाई म्हणाली. "टाकीत तेल हाय अजून."

घाटावरचं गाव बघत राहिलं, आणि ती दोघं नदीनं वर गेली.